हिवाळ्यातल्या माश्या

कादंबरीत आमच्या दुकानाच्या दाराला घंटा आहे.
नव्हती.
दार ढकललं की उंबऱ्याची फळी करकरायची,
त्या करकरीवरूनच बाबा ओळखायचे कोण आलं.
रोझालिया सुईण असेल तर दोनदा,
कारण ती थांबून आधी आत पाहायची.

लेखक बुडापेस्टहून आला होता, कोरे करकरीत बूट घालून.
तीन दिवस राहिला पाद्र्याकडे.
गावाचं नाव बदललं त्यानं, नदीचं ठेवलं: तिसा.
मला विचारलं, तेव्हा तुमचं वय काय होतं, आजी?
म्हटलं, अकरा.
त्यानं अकरा लिहिलं आणि वही मिटली.

मला भाव पाठ होते.
मीठ, रॉकेल, नालांचे खिळे,
आणि माश्यांचे कागद:
पिवळं पुडकं, वर उताणी माशी, पाय आभाळाकडे.
त्या कागदात सोमल असतो
हे गावात कुणी कुणाला सांगितलं नाही,
आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

एका जानेवारीत मी विचारलं,
नदी गोठली, हंसांची पाणवठ्यावरची वाट गोठली,
मग माश्या कुठून आल्या, बाबा?
बाबांनी तागडीवरची नजर हलवली नाही.
'माल मोजावा, पिरोश्का. गिऱ्हाईक मोजू नये.'

लढाईवरून पुरुष परतले होते.
कुणी एक हात घेऊन, कुणी दोन्ही.
बायका दोन्हीवाल्यांनाच जास्त भ्यायच्या.
बोर्बालाच्या वेंडेलला रात्री खंदक दिसायचा,
मग तो तिला शत्रू समजून मारायचा;
दिवसा, बायको समजून.
तो गेला तेव्हा तिनं मनापासून रडून घेतलं.
ते रडणं खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन.
कोर्टात कुणी विचारलं नाही.

मग कोंबड्याची पिसं खोवलेल्या टोपीचे शिपाई आले.
आठवडाभर कबरस्तानात फावडी चालली.
बरण्यांतून केस गेले, नखं गेली,
बरणीवर नाव, नावापुढे आकडा.
वेंडेलची मिशी जशीच्या तशी होती म्हणतात.
मेलेल्यांनी साक्ष दिली;
जित्यांनी ब्र काढला नाही.

पुस्तकात बायका चांदण्यात नदीकाठी शपथ घेतात.
रोझालियाचे डोळे हिरवे आहेत, केस मोकळे.
अहो, तिला संधिवात होता!
जिना चढताना ती सगळ्या संतांना शिव्या घालायची,
खिशातले अक्रोड फोडून मला गर द्यायची.
मी पायाळू. मला या जगात तिनंच ओढून आणलं,
आणि ज्यांना तिनं पोचवलं
त्यांतलेही काही तिनंच आणलेले.
हे पुस्तकात नाही. असतं, तर कुणी विकत घेतलं नसतं.

आता उन्हाळ्यात लोक येतात, फोटो काढतात,
विचारतात, ते विषाचं दुकान कुठलं?
मी बोट दाखवते. तिथे आता सायकली दुरुस्त होतात.

उधारीची वही कोर्टानं मागवली होती.
बाबांनी दिली. एक पान कमी होतं.
'उंदीर,' बाबा म्हणाले,
न्यायाधीशांनी मान डोलावली;
उंदीर कुणाच्या घरी नसतात?

त्या हिवाळ्यात आमच्याही घरात माश्या होत्या.
गाश्पारकाका लढाईवरून येऊन
माझ्या खोलीशेजारच्या खोलीत झोपायचा.
दाराला आतून कडी नव्हती.
मेमध्ये आईनं ती खोली चुन्यानं रंगवली.

पान माझ्याकडे आहे, प्रार्थनेच्या पुस्तकात,
घडीवर जरा फाटलंय.
बाबांना चष्मा लागलेला, म्हणून वही मी लिहायची.
लेखकानं हे विचारायला हवं होतं.
एक पुडकं. नाव आईचं, अक्षर माझं,
आणि पुढे, शाई जरा पसरलेली: रोख.
आपल्याच दुकानातून घेतलं,
तरी आईनं नाणी एक एक करून गल्ल्यावर ठेवली
आणि मी मोजून घेतली.